रूट ॲक्सेस नसताना मेल क्यूवर नजर कशी ठेवायची

सर्व्हरवर तुमचं साधं युजर अकाउंट आहे, रूट (सगळे अधिकार असलेलं ॲडमिनचं अकाउंट) नाही, सुडो (रूटच्या हक्काने कमांड चालवायची सोय) पण नाही, आणि ॲप्लिकेशनमधून जाणारे मेल लोकांना मिळत नाहीयेत म्हणून सगळे तुम्हालाच विचारतायत. अशा वेळी नवीन मंडळी बहुतेक वेळा हात वर करतात, की आपल्याला तर काही बघताच येत नाही, ॲडमिनला विचारा. खरं तर बरंच काही बघता येतं. मेल सर्व्हर बनवणाऱ्यांनी क्यू (पाठवायचे राहिलेल्या मेलची रांग) बघणं आणि क्यूला हात लावणं या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात, आणि बघण्याची परवानगी साध्या युजरला बऱ्याच ठिकाणी आधीपासूनच असते. ती कुठून वापरायची आणि जे दिसतं त्याचा अर्थ काय लावायचा ते सांगतो.

मी मुख्यतः पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रामबद्दल लिहितोय, लिनक्स सर्व्हरवर बऱ्याचदा गाठ त्याच्याशीच पडते. एक्झिम आणि सेंडमेलचं खाली थोडक्यात आहे. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाकायच्या. मेलक्यू या कमांडच्या शेवटी क्यू हे एकच अक्षर आहे, पोस्टक्यूमध्ये मात्र रांगेसाठीचा पूर्ण इंग्रजी शब्द आहे, हे उलटसुलट झालं की कमांड नॉट फाउंड येतं.

पायरी १: चालू काय आहे ते बघा

पीएस -ईएफ | ग्रेप मास्टर

यात मास्टर नावाची प्रोसेस दिसली आणि तिच्या पाथमध्ये पोस्टफिक्स लिहिलेलं असलं तर काम झालं. मास्टर रूटच्या नावाने चालते, बाकीच्या बहुतेक सगळ्या पोस्टफिक्स नावाच्या युजरखाली, म्हणून पुढची कमांड ही:

पीएस -यू पोस्टफिक्स

इथे जी नावं येतील ती ओळखता यायला हवीत. क्यूएमजीआर हा क्यूचा मॅनेजर, कुठला मेल कधी पाठवायचा ते तो ठरवतो. पिकअप म्हणजे सर्व्हरवरच्याच प्रोग्रामनी टाकलेले मेल उचलणारा. क्लीनअप त्यांचे हेडर वगैरे नीट करून क्यूत ठेवतो. एसएमटीपी हा बाहेर मेल घेऊन जाणारा आणि एसएमटीपीडी हा बाहेरून येणारे घेणारा, शेवटच्या एका डीचा फरक आहे पण दिशा एकदम उलटी, त्यामुळे नाव घाईत वाचू नका.

मास्टर, क्यूएमजीआर आणि पिकअप हे तीन सतत दिसायला हवेत. यातला एखादा नसेल तर गडबड आहे. एसएमटीपी मात्र काम असेल तेव्हाच जन्माला येतो, तो दिसला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. पिकअपचा प्रोसेस नंबर मधूनमधून बदलतो, नवीन माणसाला वाटतं की सर्व्हिस क्रॅश होऊन परत उठतेय, पण तसं नसतं. पोस्टफिक्स आपल्या बऱ्याचशा प्रोसेस ठरावीक वापरानंतर मुद्दाम संपवून नवीन सुरू करतं (मॅक्स_यूज नावाचं सेटिंग, डिफॉल्ट १००). क्यूएमजीआर मात्र दीर्घकाळ तोच राहतो, त्याचा नंबर सारखा बदलत असेल तर ते ॲडमिनला सांगण्यासारखं आहे.

पीएसमध्ये फक्त तुमच्याच प्रोसेस दिसत असतील तर पोस्टफिक्स बंद आहे असा निष्कर्ष लगेच काढू नका. काही सर्व्हरवर प्रॉक फाइलसिस्टिम हाइडपिड ऑप्शन लावून माउंट केलेली असते, मग दुसऱ्यांच्या प्रोसेस साध्या युजरला दिसतच नाहीत. तसं असलं तर ही पायरी सोडा आणि पुढे चला, क्यू तरीही बघता येतो.

पायरी २: क्यूची यादी काढा

बरेच जण इथे एक गोष्ट करून बघतात, /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/डिफर्ड या फोल्डरमध्ये सीडी मारतात, परमिशन डिनाइड येतं आणि तिथेच थांबतात. ते फोल्डर बंदच असतं, फक्त पोस्टफिक्स युजरला उघडं, आणि तसंच असायला हवं कारण आत लोकांचे अख्खे मेल असतात. आपल्याला आत जायचंच नाहीये. बँकेत जसं तिजोरीत न जाता खिडकीवर शिल्लक विचारतो तसं इथे शोक्यू नावाची एक छोटी सर्व्हिस आहे, ती आत बघते आणि आपल्याला फक्त यादी देते. तिला विचारायची कमांड:

मेलक्यू

किंवा

पोस्टक्यू -पी

दोन्ही एकच. डेबियनसारख्या सिस्टिमवर साध्या युजरच्या पाथमध्ये एसबिन नसतं, तेव्हा पोस्टक्यू सापडत नाही असं आलं तर पूर्ण पाथ द्या, /यूएसआर/एसबिन/पोस्टक्यू.

हे साध्या युजरला कसं चालतं ते माहीत असलेलं बरं, कारण बिघडतं तेव्हा इथेच बिघडतं. एलएस -एल /यूएसआर/एसबिन/पोस्टक्यू करून बघा, परमिशनमध्ये ग्रुपच्या जागी एक्सऐवजी एस दिसेल आणि ग्रुप पोस्टड्रॉप असेल. याला सेटजीआयडी म्हणतात, म्हणजे कमांड चालवली तुम्ही, पण चालताना तिला पोस्टड्रॉप ग्रुपचे हक्क मिळतात, आणि शोक्यूच्या सॉकेटपर्यंत पोचायला तेवढेच पुरतात. कोणी सरसकट सीएचमॉड मारलं किंवा सर्व्हर कॉपी करताना तो एस उडाला, की साध्या युजरला परमिशन डिनाइड येऊ लागतं, रूटला मात्र सगळं व्यवस्थित दिसतं, त्यामुळे ॲडमिन म्हणतो माझ्याकडे चालतंय. त्याला पोस्टफिक्स सेट-परमिशन्स ही कमांड चालवायला सांगा.

यादीत एक मेल साधारण असा दिसतो:

७डी२ए९१सी०४ई   ४८१७ ट्यू मार्च ४ ०९:१२:३३  नोटिस@एक्झाम्पल.कॉम
(कनेक्ट टू मेल.एक्झाम्पल.नेट[१९२.०.२.२५]:२५: कनेक्शन टाइम्ड आउट)
                    ग्राहक@एक्झाम्पल.नेट

पहिला तो क्यू आयडी, मग बाइटमध्ये साइज, मग मेल क्यूत कधी आला ती वेळ, मग पाठवणारा. कंसात अडकण्याचं कारण आणि खाली ज्याला जायचंय त्याचा पत्ता. एका मेलला दहा रिसिपियंट असतील तर खाली दहा ओळी येतात, आणि ज्यांना पोचला त्यांची नावं यादीतून गेलेली असतात, म्हणजे इथे दिसतात ते फक्त राहिलेले.

क्यू आयडीला चिकटून एक खूण असू शकते. तारा म्हणजे मेल ॲक्टिव्ह क्यूत आहे, आत्ता पाठवायच्या बेतात. उद्गारचिन्ह म्हणजे होल्ड, ॲडमिनने किंवा एखाद्या नियमाने थांबवून ठेवलाय, तो आपोआप कधीच जाणार नाही. काहीच खूण नसेल तर बहुतेक डिफर्ड, म्हणजे एकदा प्रयत्न झाला, जमलं नाही, पुन्हा होईल.

सगळ्यात शेवटी एकूण केबी आणि किती रिक्वेस्ट त्याची ओळ येते. नुसती तेवढीच हवी तर:

पोस्टक्यू -पी | टेल -एन १

क्यू रिकामा असेल तर मेल क्यू इज एम्प्टी असं येतं.

यादीऐवजी एरर आला तर

एररचा मजकूर नीट वाचा, कारण दोन एरर अगदी वेगळं सांगतात. क्यू रिपोर्ट अनअव्हेलेबल, मेल सिस्टिम इज डाउन असं आलं तर पोस्टफिक्सच बंद आहे. ही माहिती तुम्हाला रूटशिवाय मिळाली, लगेच कळवा. त्या वेळात तुमच्या ॲप्लिकेशनने सेंडमेल कमांडने टाकलेले मेल हरवत नाहीत, ते मेलड्रॉप नावाच्या फोल्डरमध्ये थांबतात आणि पोस्टफिक्स सुरू झालं की पिकअप ते उचलतो, त्यामुळे घाबरून तेच मेल परत परत पाठवू नका, नाहीतर सर्व्हिस सुरू झाल्यावर लोकांना सगळ्या प्रती एकदम मिळतात.

दुसरा एरर, तुमच्या युजरचं नाव घेऊन सांगतो की मेल क्यू बघायची परवानगी नाही. म्हणजे ॲडमिनने ऑथराइज्ड_मेलक्यू_यूजर्स हे सेटिंग आवळलंय. डिफॉल्टला सगळ्यांना परवानगी असते, तेव्हा हे कोणीतरी विचार करून केलंय, आणि शेअर्ड सर्व्हरवर ते योग्यच आहे कारण यादीत सगळ्यांचे पत्ते दिसतात. पळवाट शोधत बसू नका, आपलं नाव त्या यादीत घालून घ्या.

पायरी ३: कारणं मोजा

यादी लांबलचक असली की नवीन माणूस ओळ न ओळ वाचत बसतो. त्यापेक्षा कंसातली कारणं गोळा करून मोजा:

पोस्टक्यू -पी | ग्रेप '^ *(' | सॉर्ट | यूनिक -सी | सॉर्ट -आरएन | हेड

यूनिक ही कमांड इंग्रजीत शेवटच्या यू-ईशिवाय, चारच अक्षरी. आता चित्र एकदम साफ होतं. कनेक्शन टाइम्ड आउट आणि तेही सगळ्या डोमेनना, तर आपल्याच बाजूला नेटवर्क किंवा फायरवॉलचा घोळ आहे, बऱ्याच क्लाउड कंपन्या बाहेर जाणारा पोर्ट २५ बंद ठेवतात. तेच एकाच डोमेनला असेल तर समोरचा सर्व्हर झोपलाय. होस्ट ऑर डोमेन नेम नॉट फाउंड, नेम सर्व्हिस एरर सगळीकडे दिसला तर डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधणारी सेवा) बघा, एकाच पत्त्याला दिसला तर बहुतेक कोणीतरी डोमेनचं स्पेलिंग चुकवलंय. ४५० किंवा ४५१ सोबत ग्रेलिस्टिंगचा उल्लेख असेल तर काही करू नका, समोरचा सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला मुद्दाम थोडं थांबवतो, पुढच्या एखाद्या प्रयत्नात मेल जातो. ४२१ सोबत रेट लिमिट किंवा टू मेनी असं काही असेल तर आपण फार वेगाने पाठवतोय.

कारणाइतकंच पाठवणाऱ्याकडे बघा. एकाच पत्त्यावरून अचानक शेकडो मेल रांगेत असतील तर ते अकाउंट किंवा वेबसाइटवरचा एखादा फॉर्म कोणीतरी स्पॅमसाठी वापरतंय ही शक्यता मोठी. आणि पाठवणाऱ्याच्या जागी मेलर-डीमनच मेलर-डीमन (परत पाठवलेल्या मेलवर सर्व्हर टाकतो ते नाव) दिसत असेल तर आपला सर्व्हर आधी स्पॅम स्वीकारतोय आणि मग खोट्या पत्त्यांवर परत पाठवायचा प्रयत्न करतोय. या दोन्हींत तासभर थांबणं महागात पडतं, आयपी ब्लॉकलिस्टवर गेला की मग चांगले मेलही अडकतात, तेव्हा हे दिसलं की फोनच करा.

आणि एक गोष्ट मनात पक्की करा, क्यूत फक्त तात्पुरते अडकलेले मेल असतात, म्हणजे ४ ने सुरू होणारे कोड किंवा कनेक्शनच न झालेले. समोरच्याने ५ ने सुरू होणारा कोड देऊन कायमचा नकार दिला तर तो मेल लगेच बाउन्स होऊन (पाठवणाऱ्याकडे परत जाऊन) क्यूतून निघून जातो. म्हणून "क्यू रिकामा आहे म्हणजे मेल पोचला" हे वाक्य कोणाला सांगू नका, त्याचा अर्थ फक्त इतकाच की आपल्याकडे काही शिल्लक नाही.

पायरी ४: किती वेळ थांबायचं ते सेटिंगवरून काढा

पोस्टकॉन्फ कमांड सहसा साध्या युजरलाही चालते, कारण मेन.सीएफ ही पोस्टफिक्सची सेटिंग फाइल सगळ्यांना वाचता येईल अशीच ठेवतात. नुसतं वाचायचंय:

पोस्टकॉन्फ क्यू_रन_डिले मिनिमल_बॅकऑफ_टाइम मॅक्सिमल_बॅकऑफ_टाइम मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम डिले_वॉर्निंग_टाइम

कोणी बदललं नसेल तर क्यू दर ३०० सेकंदांनी तपासला जातो, एका मेलचे दोन प्रयत्न कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त ४००० सेकंदांच्या अंतराने होतात, आणि ५ दिवस जमलं नाही तर मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो. म्हणजे नेटवर्क दुरुस्त झाल्या झाल्या क्यू लगेच रिकामा होणार नाही, जुन्या मेलना तासाभराहून थोडा जास्त वेळ लागू शकतो आणि ते नॉर्मल आहे.

शेवटचं सेटिंग मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डिले_वॉर्निंग_टाइम डिफॉल्टला शून्य असतो, म्हणजे मेल रखडलाय ही सूचना पाठवणाऱ्याला जातच नाही. तो बिचारा समजतो मेल गेला, आणि पाचव्या दिवशी कळतं की गेलाच नव्हता. तुम्ही क्यूवर नजर ठेवताय ती याच मधल्या काळासाठी, त्यामुळे मी कायम आकड्यापेक्षा सगळ्यात जुना मेल कधीचा आहे ते आधी बघतो. क्यूत पाचशे मेल असले आणि सगळे दहा मिनिटांच्या आतले असले तर सर्व्हर फक्त बिझी आहे. तीनच मेल आहेत पण तीन दिवसांपासून आहेत, तर तीन माणसं उत्तराची वाट बघत बसलीत.

पायरी ५: जेसनमधून वय आणि क्यूचं नाव काढा

पोस्टफिक्स ३.१ पासून पोस्टक्यूला -जे ऑप्शन आलाय. एका ओळीत एक मेल, जेसन स्वरूपात. मोजायला हे एकदम सोपं:

पोस्टक्यू -जे | डब्ल्यूसी -एल

जेक्यू (जेसनमधून हवं ते काढणारी कमांड) इन्स्टॉल असेल तर कुठल्या क्यूत किती:

पोस्टक्यू -जे | जेक्यू -आर .क्यू_नेम | सॉर्ट | यूनिक -सी

आणि सगळ्यात जुना मेल:

पोस्टक्यू -जे | जेक्यू .अरायव्हल_टाइम | सॉर्ट -एन | हेड -एन १

हा आकडा युनिक्स सेकंदात येतो, डेट -डी @ आणि पुढे तो आकडा चिकटवला की तारीख मिळते.

डिफर्ड वाढतंय तर अडचण बहुतेक समोरच्या सर्व्हरांची किंवा बाहेरच्या नेटवर्कची. ॲक्टिव्ह फुगलाय आणि तिथेच तुंबलाय तर मेल पाठवण्याचा वेग कमी पडतोय, मध्ये व्हायरस किंवा स्पॅम तपासणारा फिल्टर असेल तर संशय आधी त्याच्यावर. इनकमिंग (नुकत्याच आलेल्या मेलची रांग) वाढतंय म्हणजे मॅनेजरला उचलायला वेळ मिळत नाहीये, मेल येण्याचा वेग जाण्याच्या वेगापेक्षा जास्त झालाय किंवा डिस्क मंद आहे. मेलड्रॉप वाढत असेल तर पिकअपकडे बघा. होल्डमध्ये काही असेल तर नुसतं विचारा, कोणी ठेवलंय आणि का.

यादी बनत असताना मेल इकडून तिकडे सरकत असतात, त्यामुळे एखादा मेल दोनदा दिसतो किंवा सुटतो. पाठोपाठ दोनदा मोजल्यावर आकडा थोडा हलला तर त्यावर डोकं लावू नका.

पायरी ६: क्रॉनने नोंद ठेवा

एकदा बघून काही कळत नाही, चढतंय की उतरतंय हे कळायला नोंदी लागतात. क्रॉन ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवतो, आणि स्वतःच्या क्रॉनटॅबला (त्याच्या यादीला) रूट लागत नाही. पण इथे एक सापळा आहे ज्यात भरपूर लोक फसतात. पोस्टक्यू -जे | डब्ल्यूसी -एल असं थेट क्रॉनमध्ये टाकलं, आणि पोस्टफिक्स बंद पडलं, तर पोस्टक्यू काहीच छापत नाही, डब्ल्यूसी शून्य मोजतो, आणि तुमच्या नोंदीत दिसतं की क्यू मस्त रिकामा आहे. म्हणजे सगळ्यात वाईट वेळी सगळ्यात चांगला आकडा. त्यामुळे आधी कमांड यशस्वी झाली का ते तपासायचं आणि मगच मोजायचं:

यूमास्क ०७७
इफ /यूएसआर/एसबिन/पोस्टक्यू -जे > $होम/क्यू.टीएमपी; देन
  एको "$(डेट +%एस) $(डब्ल्यूसी -एल < $होम/क्यू.टीएमपी)" >> $होम/क्यू.लॉग
एल्स
  एको "$(डेट +%एस) फेल" >> $होम/क्यू.लॉग
एफआय

यातलं $होम तेवढं कॅपिटलमध्ये. पहिली ओळ अशासाठी की त्या फाइलमध्ये लोकांचे पत्ते असतात, त्या दुसऱ्या कोणाला वाचता येऊ नयेत. हे स्क्रिप्ट म्हणून सेव्ह करा आणि क्रॉनटॅबमध्ये दर पाच मिनिटांनी फक्त स्क्रिप्टचा पाथ द्या. सगळं थेट क्रॉनटॅबच्या ओळीत लिहायला गेलात तर टक्क्याचं चिन्ह घात करतं, क्रॉन ते नवी ओळ समजतो.

पाच मिनिटं पुरेशी आहेत. क्यूत हजारो मेल असताना दर सेकंदाला यादी मागितली तर शोक्यूला प्रत्येक वेळी त्या सगळ्या फाइल उघडून वाचाव्या लागतात, आधीच दमलेल्या डिस्कवर तुम्हीच आणखी भार टाकता.

दुसरं, अलर्ट मेलने पाठवू नका, निदान त्याच सर्व्हरवरून तर नाहीच. क्यू तुंबल्याचा मेल त्याच तुंबलेल्या क्यूत जाऊन बसतो. चॅटचं वेबहुक, एसएमएस, दुसऱ्या मशीनवरून होणारी तपासणी, काहीही चालेल पण रस्ता वेगळा हवा. आणि हाताने चालवल्यावर चालणारं स्क्रिप्ट एखाद्या मॉनिटरिंग एजंटमधून परमिशन डिनाइड देत असेल तर त्या एजंटच्या सिस्टिमडी (सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) फाइलमध्ये नोन्यूप्रिव्हिलेजेस चालू आहे का ते विचारा. ते चालू असलं की वर सांगितलेला सेटजीआयडी कामच करत नाही. याच्यावर लोकांचे दिवसच्या दिवस जातात कारण परमिशन तर सगळ्या बरोबर दिसतात.

पायरी ७: आजूबाजूला पण बघा

एसएस -टीएन | ग्रेप ':२५ '

यात पोर्ट २५ चे कनेक्शन दिसतात. कुठल्या प्रोसेसचं आहे ते दुसऱ्या युजरच्या बाबतीत दिसणार नाही पण स्थिती दिसते, आणि सिन-सेंटच्या ओळींचा ढीग असेल तर आपण दार वाजवतोय पण उत्तर येत नाहीये, म्हणजे बहुधा फायरवॉल.

डीएफ -एच /व्हार/स्पूल आणि डीएफ -आय /व्हार/स्पूल दोन्ही चालवा. दुसरी कमांड आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी डिस्कवरची नोंद) दाखवते, जागा शिल्लक असून आयनोड संपले तरी नवीन फाइल बनत नाही आणि छोट्या छोट्या लाखो मेलनी तसं होऊ शकतं. पोस्टफिक्स तर डिस्क पूर्ण भरायच्या आधीच थांबतं, मेसेज_साइज_लिमिटच्या दीडपट मोकळी जागा नसेल तर बाहेरून येणारा मेल ४५२ कोड देऊन नाकारतं.

लॉग वाचता आला तर सोन्याहून पिवळं. डेबियन, उबुंटूवर /व्हार/लॉग/मेल.लॉग सहसा एडीएम ग्रुपला वाचता येतो, रेड हॅट घराण्यात /व्हार/लॉग/मेललॉग फक्त रूटला. आयडी कमांडने आपले ग्रुप बघा. लॉगमध्ये प्रत्येक डिलिव्हरीच्या ओळीत डिलेज= असं लिहून तिरप्या रेघांनी तोडलेले चार आकडे असतात: क्यू मॅनेजरपर्यंत यायला लागलेला वेळ, मॅनेजरकडे गेलेला, कनेक्शन जोडायला लागलेला (डीएनएस आणि टीएलएस यातच), आणि प्रत्यक्ष मेल पाठवायला लागलेला. तिसरा मोठा असेल तर नेटवर्क किंवा डीएनएस, चौथा मोठा असेल तर समोरचा सर्व्हर किंवा आपला फिल्टर हळू आहे. उशीर कुठे होतोय यावर होणारी बरीच वादावादी या चार आकड्यांनी मिटते.

एक्झिम आणि सेंडमेल असेल तर

एक्झिमवर यादी एक्झिम -बीपी आणि नुसता आकडा एक्झिम -बीपीसी. पण एक्झिम मुळातच कडक आहे, क्यूची यादी डिफॉल्टला फक्त त्याच्या ॲडमिन युजरना मिळते. क्यू_लिस्ट_रिक्वायर्स_ॲडमिन हे सेटिंग ॲडमिनने फॉल्स केलं तर साध्या युजरलाही दिसते. यादीत फ्रोझन लिहिलेलं असेल तर एक्झिमने त्या मेलचे प्रयत्न थांबवलेत. सेंडमेलवर मेलक्यू चालते, प्रायव्हसीऑप्शन्समध्ये रिस्ट्रिक्टमेलक्यू असेल तर नाही चालणार. तिथे क्यू दोन असतात, स्थानिक प्रोग्रामनी टाकलेले मेल आधी वेगळ्या क्यूत जातात, तो बघायला मेलक्यू -एसी, त्यातला ए कॅपिटल आणि सी लहान.

काय करू नये आणि काय मागावं

पोस्टक्यू -एफ ही कमांड सगळ्या अडकलेल्या मेलचा पुन्हा प्रयत्न लगेच करायला लावते, आणि डिफॉल्ट सेटिंगमध्ये ती साध्या युजरलाही चालते. चालते म्हणून चालवू नका. अडचण सुटलेली नसताना सारखं फ्लश केलं तर न जाणारे मेल परत परत रांगेत पुढे येतात आणि जाणारे मेल मागे पडतात, शिवाय समोरचे सर्व्हर वैतागून आणखी आवळतात. अडचण सुटली हे नक्की कळल्यावर एकाच मेलसाठी पोस्टक्यू -आय आणि क्यू आयडी वापरा, तेही ॲडमिनला सांगून.

मेल डिलीट करणं, होल्ड करणं हे पोस्टसुपरचं काम, त्याला रूट लागतं आणि ते ॲडमिनकडेच राहू द्या. पोस्टकॅटने क्यूतल्या मेलचा मजकूर वाचता येतो, ती परवानगी तर मागूच नका, मॉनिटरिंगसाठी कोणाचं पत्र उघडायची गरज पडत नाही. पोस्टड्रॉप ग्रुपमध्ये घाला असंही सांगू नका, तो ग्रुप फक्त पोस्टफिक्सच्या कमांडसाठी राखीव असतो, त्यात माणसांची अकाउंट घालायची नसतात. मागायचंच तर लॉग वाचण्यासाठी एडीएम किंवा सिस्टिमडी-जर्नल ग्रुप मागा, आणि सुडोमध्ये क्यूशेप डिफर्ड ही एवढीच एक ओळ मागा. क्यूशेप कुठल्या डोमेनचे किती मेल किती मिनिटांपासून पडलेत त्याचा तक्ता काढतं पण त्याला क्यूची फोल्डर स्वतः वाचावी लागतात. तेही नको वाटत असेल तर ॲडमिनने स्वतःच्या क्रॉनमधून त्याचं आउटपुट तुम्हाला वाचता येईल अशा फाइलमध्ये टाकलं तरी तुमचं काम होतं.

आणि कळवताना "मेल जात नाहीये" एवढंच लिहू नका. असं काहीतरी लिहा: "क्यूत ६४ मेल, त्यातले ५१ एकाच डोमेनचे, सगळ्यात जुना सकाळी ९:१२ चा, कारण सगळ्या ५१ ना कनेक्शन टाइम्ड आउट, बाकी डोमेनचे मेल जातायत, क्यूएमजीआर आणि पिकअप चालू आहेत, डिस्क ४१ टक्के, नमुन्यादाखल दोन क्यू आयडी खाली देतोय." क्यू आयडी नक्की द्या, तो घेऊन ॲडमिन लॉगमध्ये थेट त्या मेलच्या ओळींवर जातो. लोकांचे पूर्ण पत्ते मात्र ग्रुप चॅटमध्ये किंवा तिकिटात चिकटवू नका, डोमेनचं नाव आणि क्यू आयडी पुरतात.